बारकीची जट

जून २०२२ मध्ये तिसरीचा वर्ग माझ्याकडे आला आणि पहिल्याच दिवशी माझी नजर बारकीच्या केसांवर गेली. दाट, राठ, कुरळे, दोन्ही कानांच्या बाजूंनी सुपासारखे पसरलेले. एका बाजूला लाल रिबीन होती, दुसऱ्या बाजूची वाटेतच कुठेतरी सुटून पडली होती. मी तिला उभं केलं आणि म्हटलं, "उद्यापासून नीट दोन वेण्या घालून यायचं." तिनं मान हलवली. वर्गातलं कुणीतरी मागून "झिपरी" म्हणालं. मी त्याला रागावले नाही.

बारकी हे तिचं घरातलं हाकेचं नाव. खरं नाव आणि गावाचं नाव मी इथे देत नाही. गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आजरा आणि चंदगडच्या मधल्या पट्ट्यात आहे. कर्नाटकची हद्द जवळ, आणि सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला जाणारी माणसं बहुतेक घरांत. मी हे लिहायला बसले, कारण जटेविषयी, म्हणजे गुंतून घट्ट झालेल्या आणि देवीच्या मानून राखलेल्या केसांविषयी, आपण बोलतो तेव्हा जट कापली त्या दिवसाविषयी बोलतो. ती डोक्यात धरू लागते त्या सहा-सात महिन्यांत आजूबाजूची माणसं काय करत असतात, ते कुणी लिहीत नाही. या प्रकरणात त्या माणसांत मीही आहे.

सकाळचे साडेसात

बारकीचे वडील मुंबईला. घरात आजी, आई आणि तीन मुलं, त्यांतली ही धाकटी. आमच्या भागात काजूचे कारखाने बरेच आहेत आणि त्यांत काम करणाऱ्या बहुतेक बायका आहेत. बारकीची आई काजू फोडायला जायची. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. राख लावून, तेल लावून बायका बोटं जपतात, तरी ती काळी पडतात, सोलपटतात. सकाळी साडेसातला गाडी यायची. त्याआधी भाकरी, पाणी, गुरांचं, आणि मग उरलेल्या पाच मिनिटांत बारकीचं डोकं.

त्या पाच मिनिटांत काय व्हायचं ते मला आईनं नंतर सांगितलं. हातात बारीक दातांचा कंगवा, केस कोरडे, आणि विंचरायची सुरुवात टाळूपासून. कुरळ्या केसाला याहून वाईट वागणूक देता येत नाही. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात. केस सरळ असेल तर टाळूचं तेल त्यावरून खालपर्यंत उतरतं. कुरळा असेल तर वळणावळणांवर अडतं, म्हणून कुरळे केस टोकाकडे कायम कोरडे राहतात आणि खवले एकमेकांत अडकतात. वरून कंगवा ओढला की सगळा गुंता खाली ढकलला जाऊन घट्ट होतो. पोर ओरडायची, पळायची. आईची बोटं आधीच सोललेली, तिलाही लागायचं. शेवटी आई म्हणायची, "जा तशीच."

आणि तशीच आली की मी तिला परत पाठवायची. हे मी दोनदा केलं, एकदा जुलैमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये. शाळेत नियम होता, लाल रिबिनी आणि दोन वेण्या. नियम कुणी केला, केव्हा केला, मला माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या बाई पाळत होत्या म्हणून मी पाळत होते. ऑगस्टअखेर एका पालकानं उवांची तक्रार केली, तेव्हा मी बारकीला शेवटच्या पट्टीवर एकटीला बसवलं. उवा वर्गात निदान आठ मुलींच्या डोक्यात होत्या. उठवलं मात्र तिलाच, कारण तिचं डोकं दिसत होतं.

उवांची मादी दिवसाला सात-आठ लिखा घालते, त्या केसाच्या मुळाशी चिकटतात आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात. बारीक फणी फिरली तरच त्या निघतात, आणि बारकीच्या डोक्यात फणी फिरतच नव्हती. ती रात्रभर मान घासायची. ऑक्टोबरमध्ये तिला ताप आला आणि ती आठ दिवस पडून होती. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतातच. विंचरलं तर ते कंगव्यात येतात, नाही विंचरलं तर उरलेल्या केसांत अडकून बसतात. घाम, तेल, धूळ, उशीवरचं घासणं. मानेवर, डाव्या बाजूला, लिंबाएवढा गोळा झाला. दिवाळीच्या सुट्टीत तो वीतभर लांब, चपटा आणि कडक झाला होता.

हळद लागली

सुट्टीनंतर बारकी शाळेत आली ती डोक्याला भंडारा लावून. शेजारच्या एका जोगतिणीच्या, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या बाईच्या, अंगात आलं होतं आणि तिनं सांगितलं होतं, ही जट देवीची आहे, हिला कात्री लावायची नाही, पाणी घालायचं नाही, मंगळवार-शुक्रवार पुजायची. घरात परडी आली. गल्लीतल्या बायका हळदकुंकू घेऊन यायच्या, बारकीला पाटावर बसवायच्या, पाया पडायच्या. कुणी नारळ ठेवायचं, कुणी दहा रुपये.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते बारकीच्या चेहऱ्यानं. ती खूश होती. झिपरी म्हणणारी पोरं आता तिच्यापासून हातभर लांब उभी राहायची. मधल्या सुट्टीत तिनं मला सांगितलं, "बाई, त्या मावशीनं माझ्या केसांना नमस्कार केला." आठ वर्षांच्या आयुष्यात तिच्या केसांविषयी कुणी प्रेमानं बोललं असेल तर ते हे. आईनं नाही, मी नाही, वर्गानं नाही. गुंता झाल्यावर देवीच्या नावानं का होईना, कुणीतरी त्या डोक्यावर हात ठेवला.

हे मला तेव्हा कळलं नाही. मी तडक त्यांच्या घरी गेले आणि दारातच म्हटलं, "ही अंधश्रद्धा आहे, उद्याच्या उद्या कापा." आजी उठून आत गेली. आईनं खाली मान घातली. चार दिवसांनी मी परत गेले आणि या वेळी कायदा सांगितला. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून, आपलं ऐकलं नाही तर वाईट होईल अशी भीती घालणं हा त्यात गुन्हा आहे. मुलगी देवीला वाहण्याविरुद्ध २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा आहे. मी सांगितलं ते सगळं खरं होतं. पण मी ते धमकीसारखं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बारकी शाळेत यायची बंद झाली. हजेरीपटावर सलग १९ दिवस तिच्या नावापुढे गैरहजेरी आहे.

आजीची जेन

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या एका स्थानिक कार्यकर्तीला मी फोन केला. मला वाटलं होतं, ती येईल, समजावेल आणि काम होईल. पुण्यातल्या नंदिनी जाधवांविषयी मी वाचलं होतं. आधी ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या या बाईंनी शेकडो बायकांच्या जटा काढल्या आहेत. माझ्या मनात तसंच काही होतं. कार्यकर्तीनं आधी मलाच विचारलं, "घरातल्या म्हातारीला नक्की कशाची भीती वाटते, हे तुम्ही विचारलंत का?" मी विचारलं नव्हतं. "मग आधी जाऊन बसा. मला इतक्यात बोलावू नका. आणि फोटो अजिबात काढू नका."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मी शाळा सुटल्यावर त्यांच्या सोप्यात जाऊन बसायला लागले. पहिले तीन-चार दिवस जटेचा विषयही काढला नाही. बारकीला पाढे घ्यायचे, आजीबरोबर चहा प्यायचा. बारकी कुशीवर झोपू शकत नाही, पालथी झोपते, हे मला तिथे कळलं. तिनं स्वतःच सांगितलं, "डोकं जड लागतंय बाई. आणि वास येतोय." मग आजीकडे बघून गप्प झाली.

आजीची भीती एकेक करून बाहेर आली. "तुमी कापून जाशिला वो बाई. मागनं घरात काय इपरीत झालं तर म्या कुणाचं त्वांड बगायचं? ल्योक माझा मुंबईत हाय." मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाला काही होणार नाही, अशी हमी कोण देणार? मुंबईत माणसांना रोज काही ना काही होत असतं, आणि झालं असतं तर दोष त्या कात्रीवरच आला असता.

आजी ज्यावर बसायची ती जेन होती. आमच्याकडच्या जुन्या घरांत अजून दिसते. घोंगडं विणतात, जेन विणत नाहीत. लोकर नुसती पसरून, पाणी मारून, गुंडाळून, मळून, दाबून केलेलं ते जाड अंथरूण. एका संध्याकाळी मी सहज विचारलं, "आजी, ही जेन कशी करत्यात?" आजीचं माहेर धनगरवाड्याशेजारचं. तिनं हात हलवून सगळं करून दाखवलं. लोकर पिंजायची, पसरायची, पाणी शिंपडायचं, गुंडाळी करून पायाखाली लाटायची, परत उलगडायची, परत लाटायची. मी विचारलं, "मग सूत नसताना हे धरून कसं राहतं?" "केसानं केस धरतोय की," आजी म्हणाली. "वल्ला केला, मळला, की धरतोय. मग कुणाच्या बाला सुटत न्हाई."

मी पुढे काहीच बोलले नाही. बोलायची गरजही पडली नाही. आजीनं बारकीकडे बघितलं, मग आपल्या हाताखालच्या जेनेवर बोट फिरवलं. बराच वेळ ती तशी बसली होती. मग म्हणाली, "तापात आठ दिस घामानं निथळत हुती पोर."

माझ्या मते हे प्रकरण त्या क्षणी वळलं. पण आजीला विज्ञान पटलं आणि काम झालं, असं मी म्हणणार नाही. दोन दिवसांनी तिनं मला जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं होतं. तिच्या थोरल्या बहिणीला लहानपणी अशीच जट आली होती. "देवीनं मागितली म्हणून आय-बानं सोडली. सौंदत्तीला लिंब नेसवला. म्या तवा बारकीएवढी. पुन्ना तिला घरात बसून जेवल्यालं बघितलं न्हाई." म्हणजे बहीण देवीला वाहिली गेली. आजी जटेला घाबरत होती ती दोन्ही बाजूंनी. कापली तर देवी कोपेल, आणि ठेवली तर नात बहिणीच्या वाटेनं जाईल. मी दारात उभी राहून अंधश्रद्धा म्हणाले, तेव्हा यातली एकच बाजू मला दिसत होती.

मग कार्यकर्ती आली, पण एकटी नाही. तिच्याबरोबर शेजारच्या गावातली एक बाई होती, जिची जट दोन वर्षांपूर्वी काढली होती. त्या बाईनं पदर मागे घेऊन आपला अंबाडा दाखवला. आजीनं तिला विचारलेले प्रश्न मी शब्दशः लिहून ठेवले आहेत. घरात कोण वारलं का? गाय आटली का? तुला रात्री दिसतंय का काही? त्या बाईचं पहिलं उत्तर असं होतं, "सासरा वारला, पण तो नव्वदीचा हुता." खोटं बोलली नाही, म्हणून आजीनं तिच्यावर विश्वास ठेवला असावा.

जानेवारी

बारकीला कुणीच विचारलं नव्हतं. मी विचारलं. तिनं दोन गोष्टी विचारल्या, "दुखेल का?" आणि "परत येतील का?" पहिल्याला मी म्हटलं, केस कापताना दुखत नाही, पण ओढ बसेल, आणि खाली जखम असेल तर चुरचुरेल. दुसऱ्यासाठी पट्टी काढली. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, थोडा जास्तच. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही बारा महिने आखले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक त्याच महिन्यात शाळेत तपासणीला आलं. डॉक्टरांनी मानेच्या गाठी चाचपल्या, टाळूचा संसर्ग मानेत उतरला होता. त्यांनी आईला शांतपणे सांगितलं की औषध जटेच्या खालपर्यंत पोचणारच नाही. जाताना मला म्हणाले, याला वैद्यकात नाव आहे, प्लिका पोलोनिका. नंतर मी त्याविषयी वाचलं. नाव पोलंडवरून पडलं आहे. तिथेही शतकानुशतकं लोक जट राखायचे, कापली तर आंधळेपण येईल, वेड लागेल, असं मानायचे. एकोणिसाव्या शतकात क्राकूवच्या युझेफ डीट्ल या डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. यल्लम्मा तिकडे नाही, तरी भीती अगदी तीच. मी हे आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तिकडं पन बायकांस्नी येळ न्हवता."

शनिवारी दुपारी, घरातच, मागच्या पडवीत जट काढली. आई त्या दिवशी कामावर गेली नाही. खाडा धरला गेला, त्या दिवसाची मजुरी बुडाली. कार्यकर्तीनं आधी गोळ्याभोवतीचे मोकळे केस ओले करून बाजूला घेतले, खोबरेल लावलं, जटेच्या मुळाशी दोन बोटं घालून टाळू आणि गाठ यांच्यात जागा केली आणि तिथून कात्री चालवली. वीस-पंचवीस मिनिटं लागली. खालची कातडी लाल, ओली होती, दोन ठिकाणी फोड. उरलेले केसही सगळीकडून दोन सेंटीमीटर ठेवून कापले, नाहीतर डोक्याला एका बाजूनं खड्डा दिसला असता. बारकी रडली नाही. कापून झाल्यावर मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी फिरवत राहिली.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून जखमेचं मलम, गोळ्या आणि उवांसाठी परमेथ्रिनचं लोशन मिळालं. जखमा भरल्यावर लोशन लावलं, दहा मिनिटं ठेवून धुतलं, आठवड्यानं परत लावलं, कारण पहिल्या वेळी लिखा वाचतात. वर्गातल्या इतर सात मुलींनाही त्याच आठवड्यात लावलं. ते ऑगस्टमध्येच करायला हवं होतं.

कापलेल्या जटेचं काय करायचं

यावर आमचा वाद झाला. कार्यकर्तीचं म्हणणं, जट तिच्याकडे द्यावी. घरात राहिली तर तिचीच पूजा सुरू होते आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या डोक्यात जट "येते". तिचा अनुभव दांडगा आहे, तिचं चूक म्हणवत नाही. आजीला मात्र ती माघी पौर्णिमेला सौंदत्तीला न्यायची होती. "देवीचं देवीला देतो. पोर माझी हाय."

मी आजीच्या बाजूनं उभी राहिले. आजी बारकीला न घेता एकटी जाणार असेल तर जाऊ द्यावी, असं मी म्हटलं. देवीला जट द्यायची आणि पोर ठेवून घ्यायची, हे आजी ज्या भाषेत म्हणत होती त्याच भाषेत तिच्या आईबापांनी साठ वर्षांपूर्वी पोरगी देऊन टाकली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आजी गावातल्या लोकांबरोबर ट्रॅक्टरमधून गेली, तिसऱ्या दिवशी परत आली आणि परडी वरच्या फडताळात ठेवून दिली. मंगळवारचं हळदकुंकू बंद झालं. गल्लीतल्या दोन घरांनी महिनाभर त्यांच्याकडचं पाणी पिणं टाळलं. त्या जोगतिणीशी मी भांडले नाही. तीही लहानपणी वाहिलेलीच बाई, आणि शासनाच्या निर्वाह अनुदानासाठी तिची कागदपत्रं करून द्यायला कार्यकर्तीच पुढे तिच्या घरी गेली.

आता केसांविषयी, कारण जट गेली तरी केस कुरळेच राहणार होते. मी आईला जे दाखवलं ते असं. रविवारी न्हाणं शिकेकाईनं, पण घासून नाही. न्हाल्यावर केस ओले असतानाच हातावर थोडं खोबरेल घेऊन टोकांना चोळायचं. मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडून सुरुवात करायची, चार बोटं सुटले की आणखी वर, शेवटी टाळू. आठवड्यात मध्ये कोरडा कंगवा लावायचाच नाही, पाण्याचा हात फिरवून बोटांनी सोडवायचं. रात्री मऊ सुती फडकं बांधायचं. आईचं बोट दुखतं म्हणून ते काम मोठ्या भावानं घेतलं. तो सातवीत आहे. पहिल्या दिवशी लाजला, आता दार लावून का होईना, करतो.

शाळेतला वेण्यांचा नियम मी मुख्याध्यापकांकडे जाऊन विचारला. कुठल्याही वहीत, परिपत्रकात तो सापडला नाही. आता मुलींनी केस स्वच्छ ठेवावेत आणि डोळ्यांवर येऊ देऊ नयेत, एवढंच आम्ही सांगतो. वर्गात "झिपरी" हा शब्द आला की मी शिकवणं थांबवते.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बारकी मधल्या सुट्टीत पट्टी घेऊन येते. कपाळावरची एक बट ओढून धरायची, मी मोजायचं, तिनं लिहायचं. १ जानेवारी २०२४ ला ती चौथीत होती. बट ताणून धरली तेव्हा १४ सेंटीमीटर भरली. सोडल्यावर ती स्प्रिंगसारखी वर गेली आणि भुवईच्या वर थांबली. "आता परत मोजा," ती म्हणाली. सहा. तिनं त्या महिन्याच्या चौकटीत दोन्ही आकडे लिहिले आणि सहाच्या भोवती गोल केला.